संपर्क तुटला तरी वीज चालवता आली पाहिजे : विद्युत नियामक आयोगास खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग,
वर्ल्ड ट्रेड सेंटर, कफ परेड, मुंबई

विषय : वीज कंपन्यांची दूरसंवाद यंत्रणा आणि तिची सुरक्षा यांचा कृती मानकांत (सेवेच्या दर्जाच्या निकषांत) समावेश करण्याबाबत

स.न.वि.वि.

निवृत्तीनंतरही वीजदर याचिका वाचायची माझी सवय सुटलेली नाही. वीजखरेदी, गळती, थकबाकी, कृषिपंपांचा वापर, इंधन समायोजन यांवर त्यांत पानंच्या पानं असतात. जनसुनावणीतही लोक याच गोष्टींवर बोलतात आणि ते बरोबरच आहे, बिल प्रत्येकाला भरायचं आहे. पण एखाद्या उपकेंद्राचा भार प्रेषण केंद्राशी (कुठं किती वीज जाईल हे क्षणोक्षणी सांभाळणाऱ्या केंद्राशी) असलेला संपर्क वर्षभरात किती वेळा तुटला, तुटला तेव्हा पाळीवरच्या माणसाने काम कसं निभावलं, बाहेरच्या कंत्राटदाराला कंट्रोल रूमच्या संगणकात शिरायची परवानगी कोण देतं, हे प्रश्न तिथं क्वचितच कुणी विचारतं. माझी सगळी नोकरी वीज क्षेत्रातल्या चाचणी आणि दळणवळण विभागात गेली. त्या बळावर मी आपल्याकडे एकच मागणी करतो आहे. वीज कंपनीची दूरसंवाद यंत्रणा बंद पडली किंवा परक्याच्या हातात गेली, तरी पुरवठा माणसांच्या हातानं चालवून दाखवता येतो, याचा पुरावा आयोगाने दरवर्षी मागावा.

१२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आयोगाला आठवत असेल. दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईतली वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, कोविडचे रुग्ण असलेली रुग्णालयं जनरेटरवर गेली. कळवा-पडघा भागातल्या ४०० केव्ही वाहिन्या एकामागोमाग बाहेर पडल्या आणि अशा वेळी शहराला उरलेल्या ग्रिडपासून वेगळं करून वाचवण्यासाठी असलेली आयलँडिंग योजना टिकली नाही. आपण स्वतःहून दखल घेतलीत, चौकशी समिती नेमलीत. पुढे मार्च २०२१ मध्ये राज्याच्या सायबर विभागाचा प्राथमिक अहवाल आला. त्यात १४ ट्रोजन (साळसूद फाइलच्या आडून शिरणारी घातक सॉफ्टवेअर) आणि ८ जीबी हिशेबाबाहेरच्या डेटाचा उल्लेख होता, आणि तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी घातपाताची शक्यता बोलून दाखवली. तत्कालीन केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मात्र ही मानवी चूक होती, सायबर हल्ल्याचा पुरावा नाही, असं सांगितलं. त्याच सुमारास रेकॉर्डेड फ्यूचर या अमेरिकी संस्थेने भारतातल्या पाचपैकी चार प्रादेशिक भार प्रेषण केंद्रांवर चीनशी संबंधित गटाची नजर असल्याचं जाहीर केलं होतं. ग्राहकाच्या मनात आजही ही दोन वक्तव्यं समोरासमोर उभी आहेत.

माझ्या मते त्या वादात खरा प्रश्न बाजूला पडला. घुसखोरी झाली होती की नव्हती, यापेक्षा घुसखोरी झाली असती तर आपल्याला ती कळली असती का, आणि कळल्यावर शहर कसं चालवलं असतं, हे विचारायला हवं होतं.

वीज कंपनीचं दळणवळण म्हणजे नेमकं काय, हे पत्र वाचणाऱ्या सर्वसामान्य ग्राहकासाठी सांगतो. अतिउच्चदाब उपकेंद्राच्या यार्डात वाहिनी शिरते, तिथं वर एक मोठं गोल वेटोळं टांगलेलं दिसतं. त्याला वेव्ह ट्रॅप म्हणतात. ज्या तारेतून ५० हर्ट्‌झची वीज येते, त्याच तारेवर काही शे किलोहर्ट्‌झचा वाहक संदेश सोडलेला असतो. वेव्ह ट्रॅप त्याला बसबारकडे (सगळ्या वाहिन्या जिथं जोडल्या जातात त्या जाड वाहकाकडे) जाऊ देत नाही आणि शेजारच्या कपॅसिटरमधून तो खाली कंट्रोल रूममधल्या पीएलसीसी (विजेच्या तारेवरूनच संदेश नेणारी यंत्रणा) पॅनेलपर्यंत पोचतो. त्या पॅनेलच्या फोनवरून लाइन क्लिअर, म्हणजे वाहिनी बंद करून तिच्यावर काम करायची परवानगी, मागितली आणि दिली जायची. इकडचा यंत्रचालक नाव, वेळ, परमिट क्रमांक सांगणार, तिकडचा तो लॉगबुकात उतरवून शब्द न् शब्द परत वाचून दाखवणार, मगच आयसोलेटर (वाहिनी वेगळी करणारा स्विच) उघडणार आणि अर्थिंग होणार, म्हणजे वाहिनी जमिनीला जोडली जाणार. आवाज खरखरीत असायचा, पण तो कुणाचा हे दोन्ही टोकांना ठाऊक असायचं. त्याच मार्गानं संरक्षणाचा संदेशही जातो. वाहिनीवर दोष आला की एका टोकाचा रिले (दोष ओळखणारं यंत्र) दुसऱ्या टोकाच्या ब्रेकरला (वीज तोडणाऱ्या मोठ्या स्विचला) ट्रिप व्हायला, म्हणजे उघडायला, सांगतो, तेही डोळ्याचं पातं लवायच्या आत.

आता मनोऱ्यांच्या माथ्यावरच्या अर्थवायरच्या पोटातच काचतंतू असतात, तिला ओपीजीडब्ल्यू म्हणतात. आसमंतात कोसळणारी वीज ती अंगावर घेते आणि पोटातल्या तंतूंतून उपकेंद्राचा सगळा डेटा ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्राकडे नेते. हा बदल फार मोलाचा आहे, त्याला माझा विरोध मुळीच नाही. पीएलसीसीवर जेमतेम बोलणं आणि थोडी आकडेवारी जायची. आज प्रत्येक ब्रेकरची स्थिती, प्रत्येक वाहिनीवरचा भार काही सेकंदांत समोर येतो. ग्रिडमध्ये सौर आणि पवनऊर्जा इतकी वाढल्यावर त्याशिवाय भागणारही नाही.

अडचण या यंत्रणेच्या भाषेत आहे. उपकेंद्रातला आरटीयू (आकडे पाठवणारं आणि हुकूम घेणारं यंत्र) आणि भार प्रेषण केंद्रातला स्काडा (दुरून पाहायची आणि चालवायची संगणक प्रणाली) बऱ्याच ठिकाणी आयईसी ६०८७०-५-१०४ या प्रोटोकॉलने, म्हणजे ठरलेल्या संदेशभाषेत, बोलतात. तो बेतला गेला तेव्हा वीज कंपनीचं जाळं बाहेरच्या जगापासून तुटलेलं असेल, हे गृहीत होतं. त्यामुळे मूळ स्वरूपात आज्ञा देणारा खरा कोण, हे तपासायची सोय त्यात नाही. ब्रेकर उघडायचा नीट बांधलेला संदेश आला की आरटीयू ब्रेकर उघडतो. १७ डिसेंबर २०१६ च्या रात्री युक्रेनच्या राजधानीजवळच्या उपकेंद्रात हेच झालं. इंडस्ट्रॉयर नावाच्या मालवेअरला १०४ ची भाषा येत होती. त्याला कुठलं कुलूप तोडावं लागलं नाही, त्यानं यंत्रांना त्यांच्याच भाषेत हुकूम सोडले आणि कीव शहराच्या काही भागात सुमारे तासभर अंधार झाला. या प्रोटोकॉलला ओळख-तपासणी जोडणारी आयईसी ६२३५१ ही मानकं उपलब्ध आहेत. आपल्या राज्यातल्या किती उपकेंद्रांत ती लागू आहेत, हा आकडा आयोगाने मागितला तर मिळेल.

त्याच्या आदल्या वर्षीची, २३ डिसेंबर २०१५ ची घटना मला जास्त महत्त्वाची वाटते. युक्रेनमधल्या तीन वितरण कंपन्यांवर एकाच दुपारी हल्ला झाला. सुरुवात काही महिने आधी झाली होती, कार्यालयातल्या कुणीतरी ईमेलबरोबर आलेली वर्ड फाइल उघडली तेव्हा. तिथून हल्लेखोर हळूहळू पासवर्ड गोळा करत व्हीपीएनमार्गे (बाहेरून कंपनीच्या जाळ्यात शिरायच्या वाटेनं) कंट्रोल रूमपर्यंत पोचले. त्या व्हीपीएनला पासवर्डशिवाय दुसरी तपासणी नव्हती. इवानो-फ्रांकिव्स्क भागातल्या कंपनीत पाळीवरच्या यंत्रचालकाच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा कर्सर आपोआप फिरू लागला आणि एकेक ब्रेकर उघडत गेला. त्याने माउस हलवून पाहिला, उपयोग झाला नाही; थोड्या वेळाने त्यालाच बाहेर काढून पासवर्ड बदलला गेला. त्या एका कंपनीची ११० केव्हीची ७ आणि ३५ केव्हीची २३ उपकेंद्रं बंद पडली, आणि तिन्ही कंपन्या मिळून सव्वादोन लाखांच्या आसपास ग्राहक अंधारात गेले. ग्राहकांना तक्रार करता येऊ नये म्हणून कॉल सेंटरवर खोट्या फोनांचा मारा झाला. आणि जाता जाता हल्लेखोरांनी उपकेंद्रांमधल्या, जुन्या सीरियल यंत्रांना इथरनेटशी जोडणाऱ्या छोट्या कन्व्हर्टरचं फर्मवेअर (आतलं मूळ सॉफ्टवेअर) पुसून टाकलं. म्हणजे नियंत्रण कक्ष परत ताब्यात आला तरी उपकेंद्रापर्यंत हुकूम पोचणार नाही, अशी व्यवस्था करून ते गेले.

तरीही तिथली वीज एक ते सहा तासांत परत आली. कारण माणसं गाड्या काढून उपकेंद्रांवर गेली, स्विच रिमोटवरून लोकलवर (जागेवरून चालवायच्या स्थितीत) फिरवला आणि ब्रेकर हातानं लावले. पुढे बरेच महिने त्यांनी तसंच काम चालवलं. त्यांच्याकडे अत्याधुनिक संरक्षण नव्हतं, पण यार्डात उभं राहून ब्रेकर लावता येणारी माणसं होती.

आपल्याकडे आज ही माणसं आहेत. महावितरणचे यंत्रचालक, तंत्रज्ञ, पाऊसपाण्यात खांबावर चढणारे जनमित्र, महापारेषणच्या उपकेंद्रांतले पाळीवरचे अभियंते यांच्या अंगी ही विद्या आहे. पण उपकेंद्रं दुरून चालवण्याकडे देशभराचा कल आहे. पॉवरग्रिडने हरियाणातल्या मानेसरहून देशभरातली आपली उपकेंद्रं चालवायला कधीच सुरुवात केली. राज्यांनाही त्याच वाटेनं जायचं आहे आणि जावं लागेल. ज्या उपकेंद्रात रात्री कुणी नाही, तिथं संपर्क तुटला तर किती वेळात माणूस पोचेल? त्या माणसाने गेल्या वर्षभरात तो ब्रेकर लोकलवरून लावलेला असेल का? कंट्रोल रूमच्या भिंतीवरची एकरेषीय आकृती (उपकेंद्राच्या जोडणीचा नकाशा) आजची आहे की दोन नव्या फीडरच्या (उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिन्यांच्या) आधीची? याची उत्तरं फाइलमध्ये मिळत नाहीत, ती करून पाहावी लागतात.

म्हणून माझी पहिली विनंती सरावाची आहे. प्रत्येक वीज कंपनीने वर्षातून एकदा, आधी ठरवून, एका विभागातली उपकेंद्रं एक पूर्ण पाळी स्काडाशिवाय चालवावीत. आरटीयूला हुकूम नाहीत, पडद्यावरचे आकडे नाहीत. मीटर वाचून फोनवरून भार सांगायचा, हुकूम परत वाचून दाखवायचा, लॉगबुक भरायचं. हे करताना काय अडलं, त्याचा अहवाल आयोगाकडे यावा. अग्निशमनाचा सराव आपण करून घेतो, आयलँडिंगचा सराव कागदोपत्री का होईना असतो. संपर्क तुटल्याचा सराव मात्र माझ्या उभ्या नोकरीत मी पाहिला नाही.

अर्थात त्यासाठी फोन लागला पाहिजे. इथं मला सर्वांत जास्त काळजी वाटते. गेल्या दहा-पंधरा वर्षांत वीज कंपन्यांचं रोजचं बोलणं मोबाइलवर आणि व्हॉट्सॲपवर गेलं. परमिट मोबाइलवर, ट्रिपिंगची बातमी ग्रुपवर, रिलेच्या सेटिंगचे फोटो ग्रुपवर, आणि मी स्वतः पाहिलं आहे, उपकेंद्राच्या संगणकाचा पासवर्डसुद्धा ग्रुपवर. काम पटकन व्हावं म्हणूनच माणसं हे करतात, त्यांना मी दोष देत नाही. कंपनीनं दुसरी सोय दिली नाही, म्हणून त्यांनी स्वतःची सोय केली. पण मोबाइलचा टॉवर महावितरणच्या विजेवर चालतो. वीज गेली की त्याच्या बॅटऱ्या काही तास धरतात, पुढे डिझेल मिळालं तर जनरेटर. वीज आणायला ज्या फोनची गरज, तो फोन चालू राहायला वीज हवी.

कोकणाने हे भोगलं आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलं, खांब आणि टॉवर दोन्ही पडले, आणि गावंच्या गावं कित्येक दिवस विजेविना आणि संपर्काविना राहिली. जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरातही तेच झालं. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगाल दुपारी साडेबाराच्या सुमारास एकदम अंधारले. तो सायबर हल्ला नव्हता, व्होल्टेज हाताबाहेर गेल्यामुळे ग्रिड कोसळलं होतं. पण तिथंही काही तासांत मोबाइल सेवा ढासळत गेली. ग्रिड अंधारातून उभं करताना, म्हणजे ब्लॅक स्टार्टच्या वेळी, जलविद्युत केंद्रातला माणूस, वाटेतल्या उपकेंद्रातला माणूस आणि भार प्रेषण केंद्रातला माणूस यांचं बोलणं अखंड चालावं लागतं. भार थोडा थोडा जोडायचा असतो. एक फीडर घाईनं चार्ज झाला तर उभं केलेलं सगळं परत बसतं.

तेव्हा जुनी पीएलसीसी पॅनेलं भंगारात काढण्यापूर्वी, मोबाइल कंपनीवर अवलंबून नसलेला आवाजाचा दुसरा मार्ग त्या उपकेंद्रात चालू आहे, हे कंपनीने दाखवावं. ओपीजीडब्ल्यूवरचा फोन असेल, व्हीएचएफ वायरलेस असेल, महत्त्वाच्या ठिकाणी उपग्रह फोन असेल. आणि दळणवळणाच्या ४८ व्होल्ट बॅटरीची डिस्चार्ज चाचणी, म्हणजे चार्जर काढल्यावर ती किती वेळ धरते हे पाहणं. ही अगदी साधी गोष्ट आहे, म्हणूनच ती राहून जाते. ब्रेकर चालवणाऱ्या बॅटरी बँकेकडे सगळ्यांचं लक्ष असतं, बाजूच्या खोलीतल्या दळणवळणाच्या बँकेकडे नसतं. चार्जर चालू आहे तोवर व्होल्टमीटर ठीक दाखवतो; पुरवठा गेल्यावर पंधराव्या मिनिटाला पॅनेल बंद पडतं, आणि नेमकी तेव्हाच फोनची गरज असते. कोणत्या उपकेंद्रात बॅटरीने किती तास धरलं, हा आकडा दरवर्षी आयोगाकडे यावा.

सौर प्रकल्पांबद्दलही लिहायला हवं. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर आक्रमण केलं, त्याच पहाटे व्हायासॅट कंपनीच्या उपग्रह सेवेची हजारो मोडेम हल्ला करून निकामी केली गेली. लक्ष्य युक्रेन होतं, पण जर्मनी आणि आसपासच्या सुमारे ५८०० पवनचक्क्यांचा दूरसंपर्क त्यात तुटला. चक्क्या स्वयंचलितपणे फिरत राहिल्या, वीज देत राहिल्या. त्यांच्याकडे दुरून पाहणारं मात्र कुणी उरलं नाही. आपल्याकडे कृषी वाहिन्यांसाठी तालुक्या-तालुक्यांत सौर प्रकल्प उभे राहत आहेत, घरांच्या छपरांवर इन्व्हर्टर बसत आहेत. बऱ्याच इन्व्हर्टरमध्ये सिम कार्ड किंवा वायफाय असतं आणि उत्पादकाला दुरून त्यात शिरता येतं. तो संपर्क कुठल्या देशातल्या सर्व्हरशी आहे आणि तिथून इन्व्हर्टर बंद करता येतो का, हे वितरण कंपनीला माहीत असलं पाहिजे. एप्रिल २०२२ मध्ये लडाखजवळच्या भागातल्या भार प्रेषण केंद्रांवर झालेल्या हल्ल्यांचा अहवाल आला, त्यात हल्लेखोरांनी इंटरनेटला जोडलेले डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारी यंत्रं) आणि सीसीटीव्ही कॅमेरे मधला टप्पा म्हणून वापरल्याचं दिसलं. एक स्वस्त कॅमेराही किती पुरतो, हे त्यावरून कळावं.

राहिला स्मार्ट मीटर. त्यावरचा सार्वजनिक वाद बिल जास्त येतं की नाही आणि प्रीपेड करावं की नाही, याभोवती फिरतो. ती चिंता खोटी नाही. पण या मीटरच्या आत एक स्विच असतो आणि मुख्यालयातून हुकूम आला की तो घराची वीज तोडतो. एका घराचा भार त्या क्षणी सरासरी एक किलोवॉट धरा. १० लाख मीटरना एकाच वेळी तोडण्याचा हुकूम गेला तर १००० मेगावॉट भार क्षणात नाहीसा होतो, आणि थोड्या वेळाने तो सगळा एकदम परत जोडला तर धक्का उलट दिशेनं बसतो. एखादं मोठं औष्णिक केंद्र पाच-दहा मिनिटांत चालू-बंद करण्यासारखं हे आहे. केंद्राच्या योजनेत देशभरात २५ कोटी स्मार्ट मीटर अपेक्षित आहेत आणि ते चालवण्याचं काम खासगी सेवा पुरवठादारांकडे आहे. म्हणजे हुकूम सोडणारा संगणक बऱ्याचदा वितरण कंपनीच्या भिंतीबाहेर असेल.

इथं आयोगाने अट घालावी. ठरावीक वेळात ठरावीक संख्येपेक्षा जास्त मीटर तोडता येऊ नयेत, आणि ही मर्यादा संगणक प्रणालीतल्या सेटिंगवर न सोडता एकाच व्यक्तीला बदलता येणार नाही अशी बांधलेली असावी. मोठ्या संख्येनं तोडणीचा हुकूम द्यायचा तर वितरण कंपनीचा एक आणि पुरवठादाराचा एक, अशा दोघांची मंजुरी लागावी. मीटरच्या गुप्त डिजिटल किल्ल्या (हुकूम खरा आहे हे मीटरला पटवणारे संकेत) कुणाकडे आहेत आणि कंत्राट संपलं की त्या कशा परत घेतल्या जातात, हे करारात लिहिलेलं आयोगाने स्वतः तपासावं. ग्राहकाच्या दारातला मीटर ही आता दळणवळणाची यंत्रणा झाली आहे, तिला सुरक्षेचे नियमही तसेच लावा.

नियमांचे कागद आपल्याकडे कमी नाहीत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२० मध्ये वीज क्षेत्राच्या दळणवळण यंत्रणेसाठी तांत्रिक मानकं आणली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं. त्यांत माहिती सुरक्षा अधिकारी नेमणं, नियंत्रण यंत्रणा इंटरनेटपासून तोडणं, विश्वासू पुरवठादार, लेखापरीक्षण हे सगळं आहे. घटना घडल्यावर सहा तासांत कळवण्याचं बंधन सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेने २०२२ मध्ये घातलं. पण या सगळ्याची कामगिरी मोजून ती लोकांसमोर ठेवणारी यंत्रणा राज्यात आपलीच आहे. विद्युत कायदा, २००३ च्या कलम ८६(१)(i) नुसार सेवेचा दर्जा, सातत्य आणि विश्वासार्हता यांची मानकं ठरवण्याचा आणि लागू करण्याचा अधिकार आपल्याला आहे. वीज किती वेळा आणि किती वेळ गेली, याचे निर्देशांक आपण कंपन्यांकडून घेताच. त्याच तक्त्यात दळणवळणाच्या मार्गांची उपलब्धता, हातानं चालवण्याच्या सरावाचा निकाल आणि बाहेरच्यांना दिलेल्या दूरप्रवेशांची संख्या हे तीन रकाने वाढवायला नवा कायदा लागत नाही. गुप्त ठेवायचं ते गुप्त ठेवा. कुठल्या उपकेंद्राची कुठली फट उघडी आहे, हे जाहीर करा असं कुणी म्हणणार नाही. एकूण आकडे मात्र ग्राहकाला कळले पाहिजेत, कारण पैसे त्याचेच आहेत.

पैशांचा प्रश्न कंपन्या पुढे करतील आणि तो खरा आहे. २०२५-२६ ते २०२९-३० या नियंत्रण कालावधीचे बहुवर्षीय वीजदर विनियम लागू आहेत. त्यांत दळणवळण आणि सुरक्षेसाठी कंपनी खर्च मागेल तो आयोगाने जरूर मंजूर करावा, मात्र वर सांगितलेल्या निकालांशी तो बांधावा. नवं फायरवॉल विकत घेतल्याची पावती पुरेशी समजू नये. आणि या कामाला माणसं द्यायला लावावीत. रात्रीपाळीत लॉग पाहणारा कुणी नसेल तर महागडं सॉफ्टवेअर भिंतीवरच्या पडद्याला शोभा देण्यापलीकडे काही करत नाही. दळणवळण विभागातल्या रिक्त जागा हा मला सुरक्षेचा प्रश्न वाटतो.

अमेरिका आणि कॅनडाच्या काही भागांत १४ ऑगस्ट २००३ ला पाच कोटी लोकांची वीज गेली, तेव्हा ओहायोतल्या एका कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये धोक्याची सूचना देणारी प्रणाली तासाभराहून जास्त काळ मुकी झाली होती आणि यंत्रचालकांना ते कळलंच नाही. त्या घटनेची सविस्तर चौकशी सगळ्यांना वाचता येईल अशी प्रसिद्ध झाली आणि त्यातून बंधनकारक मानकं आली. १२ ऑक्टोबर २०२० बद्दल सामान्य मराठी वाचकाला समजेल असा, सलग, तांत्रिक वृत्तांत आयोगाने प्रसिद्ध करावा, ही माझी शेवटची विनंती. त्यात दळणवळणाच्या मार्गांचं त्या दिवशी काय झालं, कोणते फोन लागले आणि कोणते नाहीत, हे नोंदवलेलं असावं.

या विषयावर आयोगाने स्वतंत्र जनसुनावणी ठेवली तर मी आणि माझ्यासारखे निवृत्त सहकारी तांत्रिक निवेदनासह हजर राहू. तोवर निदान पुढच्या मध्यावधी आढाव्याच्या नमुन्यात वरचे तीन रकाने घालावेत.

कळावे,
आपला विश्वासू,
दळणवळण विभागातील एक निवृत्त अभियंता